कॅमेरा आणि पहारेकरी

मुंबईच्या बोरीबंदर स्थानकासमोर रस्त्यापलीकडे टाइम्स ऑफ इंडियाची जुनी इमारत उभी आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री त्या इमारतीतून ‘मुंबई मिरर’ या पत्राचे छायाचित्र-संपादक सेबॅस्टियन डिसोझा हे कॅमेरा व दोन भिंगे घेऊन बाहेर पडले आणि ज्या स्थानकातून माणसे जिवाच्या आकांताने बाहेर धावत होती त्याच स्थानकात शिरले. आत दोन तरुण हातांत स्वयंचलित बंदुका घेऊन दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडीत फिरत होते. डिसोझा यांनी फलाटाला लागलेल्या रिकाम्या गाडीच्या डब्याचा आडोसा घेतला. फ्लॅश लावावा तर त्या झगमगाटाबरोबर पुढची गोळी आपल्याच रोखाने येणार, हे उघड होते. तेव्हा स्थानकातील दिव्यांचा जो काय उजेड होता तेवढ्यावरच त्यांनी आपले काम भागविले. पाठीवर पिशवी आणि हातात बंदूक अशा स्थितीत चालणाऱ्या अजमल कसाबचे जे चित्र पुढे जगभर पसरले ते या रात्रीचे. त्या एका स्थानकात बावन्न माणसे मेली आणि शंभरावर जखमी झाली.

ते चित्र वृत्तपत्रांत छापून आले एवढ्यावरच त्याचे काम संपले नाही. खटला उभा राहिल्यावर कसाबने आधी गुन्हा कबूल केला, मग ती कबुली परत घेतली. आणि २००९ च्या डिसेंबरात तर त्याने न्यायालयास असे सांगितले की, आपण सिनेमात काम मिळविण्यासाठी मुंबईस आलो होतो आणि हल्ल्याच्या वीस दिवस आधीच पोलिसांनी आपल्याला जुहूच्या किनाऱ्यावर पकडले. न्यायासनासमोर आरोपीने काही म्हणावे, त्याला तो अधिकार आहे. आणि पोलिसांचा शब्द एकीकडे व आरोपीचा शब्द दुसरीकडे असता कोणावर विश्वास ठेवावा हा प्रश्न प्रत्येक न्यायाधीशापुढे असतोच. येथे मात्र तिसरा साक्षीदार हजर होता. डिसोझा आणि टाइम्स ऑफ इंडियाचे छायाचित्रकार श्रीराम वेर्णेकर या दोघांनी पिंजऱ्यात उभे राहून आपली चित्रे व आपली डोळ्यांदेखतची हकीगत न्यायालयापुढे ठेविली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी फाशीची शिक्षा कायम केली, तेव्हा निकालपत्रात या दोघांच्या धैर्याचा व कर्तव्यनिष्ठेचा आवर्जून गौरव केला. सरकारचा कोणी नोकर नव्हे, पोलीस नव्हे, असा एक नागरिक सार्वजनिक जागी कॅमेरा घेऊन उभा राहिला आणि त्यामुळे न्यायाचे एक मोठे काम सोपे झाले, असा हा प्रसंग आहे.

आता याच शहरातील दुसऱ्या एका कॅमेऱ्याची कथा. डेव्हिड हेडली नावाचा एक अमेरिकन नागरिक २००६ च्या सप्टेंबरपासून २००८ च्या जुलैपर्यंत पाच वेळा मुंबईस येऊन राहिला. त्याचे मूळ नाव दाऊद गिलानी. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना मदत करणारी कचेरी काढल्याचे त्याने सोंग घेतले होते. त्याच्यापाशीही कॅमेराच होता. ताजमहाल हॉटेलात तो इतर पाहुण्यांप्रमाणे पैसे मोजून राहिला, हिंडला, आणि आतील जिने, मार्ग व दालने यांचे चित्रण करून ते पाकिस्तानात आपल्या सूत्रधारांच्या हवाली केले. पुढे त्याने बंदरात नावा भाड्याने घेतल्या आणि हल्लेखोरांना कोठे उतरता येईल त्या जागा हेरल्या. २०१० च्या मार्च महिन्यात शिकागोच्या न्यायालयात त्याने हे सारे कबूल केले, २०१३ साली त्यास पस्तीस वर्षांची शिक्षा झाली, आणि २०१६ साली त्याची साक्ष चित्रवाणीच्या दुव्यावरून मुंबईच्या न्यायालयानेही ऐकली.

हे दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज सार्वजनिक जागेतील छायाचित्रणाचा प्रश्न नीट उलगडत नाही. ज्याला केवळ पहिली गोष्ट ठाऊक आहे तो म्हणेल, छायाचित्रकाराला कोठेही अडवू नये. ज्याला केवळ दुसरी ठाऊक आहे तो म्हणेल, दिसला कॅमेरा की धरा मनगट. परंतु यांतील चमत्कारिक गोष्ट अशी की, ‘छायाचित्रे घेण्यास मनाई आहे’ ही पाटी हेडलीला कोठेच आडवी आली नाही. तो पाटी पाहून थबकणारा मनुष्य नव्हताच. तो पाहुणा होता, गिऱ्हाईक होता, वाटाड्या बरोबर घेऊन ऐतिहासिक वास्तू पाहणारा हौशी प्रवासी होता. मनाईच्या पाटीपुढे जो थांबतो, किंवा जो उघडपणे तिवई मांडून उभा राहिल्यामुळे पहारेकऱ्याच्या हाती सापडतो, तो बहुधा दुसराच कोणी असतो: वास्तुकलेचा विद्यार्थी, वृत्तपत्राचा वार्ताहर, आगगाड्यांचा नाद असलेला एखादा मुलगा, किंवा गावाहून आलेल्या सासूसासऱ्यांना मुंबई दाखविणारा जावई.

कायद्याने या दोन कॅमेऱ्यांत फरक करावा अशी अपेक्षा करणे गैर नाही, आणि कायद्याने तो केलेलाही आहे. ही गोष्ट पुष्कळांना, आणि पुष्कळ पहारेकऱ्यांनाही, माहीत नसते. भारतात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा. त्याचे पितृस्थान इंग्लंडच्या १९११ च्या कायद्याकडे जाते, आणि तो कायदा कसा जन्मास आला हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९११ च्या उन्हाळ्यात मोरोक्कोतील आगादीर बंदरावरून जर्मनीशी युद्ध पेटते की काय अशी धास्ती इंग्लंडला पडली होती. जर्मन हेर इंग्लंडच्या किनाऱ्यावर आराखडे काढीत हिंडताहेत अशा कादंबऱ्या व अफवा यांना तर ऊत आला होता. अशा हवेत हा कायदा हाउस ऑफ कॉमन्सपुढे आला आणि एकाच दुपारी, फारशी चर्चा न होता, सर्व वाचने आटोपून मंजूर झाला. बारा वर्षांनी त्याचीच भारतीय आवृत्ती निघाली. मौज अशी की, ब्रिटनने २०२३ च्या नव्या कायद्याने १९११ चा तो कायदा रद्द करून टाकला. भारतातील त्याचे अपत्य मात्र शंभरी उलटून गेली तरी अद्याप हयात आहे.

या १९२३ च्या कायद्यात हेरगिरीचे कलम तिसरे. निषिद्ध स्थानाजवळ जाणे, त्याची पाहणी करणे, शत्रूला उपयोगी पडेल असा आराखडा, नकाशा वा टिपण तयार करणे हा त्या कलमाने गुन्हा ठरविला आहे. आणि आराखडा या शब्दात छायाचित्राचाही समावेश होतो, असे व्याख्येतच म्हटले आहे. येथपर्यंत वाचून पहारेकऱ्याची छाती फुगावी. परंतु त्याच कलमाच्या आरंभी एक लहानसा शब्दसमूह आहे, आणि साऱ्याचा भार त्याच्यावर आहे. हे कृत्य राज्याच्या सुरक्षिततेस वा हितास बाधक अशा हेतूने केलेले असले पाहिजे. म्हणजे कायदा हातातील यंत्राकडे पाहत नाही, तो ते यंत्र धरणाऱ्याच्या हेतूकडे पाहतो. हेडलीसाठीच जणू लिहून ठेवावे तसे हे कलम आहे. स्थानकाच्या घुमटाचे चित्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला ते लागू करावयाचे तर मोठीच ओढाताण करावी लागेल.

आणि निषिद्ध स्थान म्हणजे तरी काय? किल्ले, शस्त्रागारे, लष्कराची, आरमाराची व विमानदलाची ठाणी, लष्करी तारायंत्रे, सरकारी बिनतारी संदेशाच्या कचेऱ्या, युद्धसामग्रीच्या गोद्या, यांची यादी त्या कायद्यात दिली आहे. लोहमार्ग, रस्ते, जलमार्ग, पाण्याची व विजेची कामे ही मात्र आपोआप निषिद्ध होत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने राजपत्रात तशी घोषणा करावी लागते. एवढेच नव्हे, तर त्या घोषणेची प्रत त्या जागी इंग्रजीत आणि त्या मुलखाच्या भाषेत लावलेली असावी लागते. परक्या राजवटीने, हेरांच्या भीतीने घाबरलेल्या काळात लिहिलेल्या या कायद्यालासुद्धा इतके कळत होते की, ज्याला अडवावयाचे त्याला कशासाठी अडविले हे त्याच्या भाषेत वाचता आले पाहिजे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या मनुष्याला ते मराठीत वाचावयास मिळावे, ही काही आजकालच्या भाषाभिमान्यांनी काढलेली टूम नव्हे. १९२३ पासून ती कायद्याचीच अट आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? पुलाच्या कठड्याला, एखाद्या कचेरीच्या फाटकाला, धरणाच्या वाटेवर एक पत्र्याची पाटी टांगलेली असते. तिच्यावर मनाई असते, आज्ञेवरून एवढे शब्द असतात; कोणाच्या आज्ञेवरून, कोणत्या कायद्याने, कोठपासून कोठपर्यंत, यांतील एक अक्षर नसते. पुष्कळदा पाटीही नसते, नुसता पहारेकरी असतो. त्यालाही दोष देऊन चालत नाही. त्याच्या वरिष्ठांनी त्याला, लक्ष ठेव, काही झाले तर तुझी मान अडकेल, असे सांगून उभे केलेले असते. कायद्याचे पुस्तक त्याच्या हाती कोणी दिलेले नसते. ज्याला चुकीने सोडले तर नोकरी जाते आणि चुकीने अडविले तर काहीच होत नाही, तो मनुष्य अडविणारच. मग वादावादी होते, कॅमेरा मागितला जातो, आणि शेवटी, चित्रे पुसून टाका म्हणजे सोडतो, अशा तडजोडीवर मामला मिटतो. छायाचित्रकारही घरी जाण्याच्या घाईने ती पुसतो.

या तडजोडीत जेवढा गोंधळ आहे तेवढा दुसऱ्या कशातही नाही. त्या मनुष्याने गुन्हा केला असेल, तर ती चित्रे म्हणजे त्या गुन्ह्याचा पुरावा. तो पंचनामा करून ताब्यात घ्यावा लागतो, जागच्या जागी नष्ट करावयाचा नसतो. आणि त्याने गुन्हा केलेला नसेल, तर त्याची चित्रे पुसावयास लावण्याचा अधिकार कोणाला कोठून आला? दोहोंपैकी कोणतीही बाजू घेतली तरी पुसणे बसत नाही. लंडनच्या महानगर पोलीस दलाने आपल्या शिपायांसाठी जी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केली आहे तिच्यात स्पष्टच म्हटले आहे की, झडती घेताना चित्रे पुसण्याचा किंवा फिल्म नष्ट करण्याचा अधिकार पोलिसांना नाही. असे चार ओळींचे कागद भारतातील प्रत्येक ठाण्यात लावले तर पुष्कळ भांडणे वाचतील.

महाराष्ट्रात घडलेले एक प्रकरण येथे सांगण्यासारखे आहे. २०१८ साली वर्धा येथील एक गृहस्थ शेजाऱ्याशी झालेल्या तंट्याच्या संबंधात पोलीस ठाण्यात गेले होते. तेथे चाललेल्या बोलण्याचे त्यांनी मोबाइलवर चित्रण केले, असे म्हणून त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. आणि तो कोणता, तर सरकारी गुपितांच्या कायद्याखालचा! शेजाऱ्यांच्या तंट्यात राष्ट्राचे कोणते गुपित दडले होते ते कळावयास मार्ग नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. २०२२ च्या जुलै महिन्यात खंडपीठाने निषिद्ध स्थानाची व्याख्या वाचून दाखविली, तीत पोलीस ठाण्याचा कोठेही उल्लेख नाही हे दाखवून दिले, आणि गुन्हा रद्द केला. निकाल अगदी सरळ आहे. परंतु तो मिळेपर्यंत चार वर्षे त्या मनुष्याच्या डोक्यावर हेरगिरीच्या कायद्याची टांगती तलवार होती, हेही विसरून चालणार नाही.

याचा अर्थ सर्वच निर्बंध खोटे, असा मुळीच नव्हे. पुण्याचा लोहगाव विमानतळ किंवा गोव्यातील दाभोळी घ्या. त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमाने उडतात आणि त्याच धावपट्टीवर लष्करी विमानेही उतरतात. तेथे उड्डाणाच्या वेळी चित्रे घेऊ नका असे विमानातील सेविका सांगते, तेव्हा ते कोणालाही पटावे. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, कारण डोळ्यांसमोर उभे. अजिंठ्याचा निर्बंध निराळ्या जातीचा. तेथे शत्रूचे भय नाही, रंगांच्या आयुष्याचे भय आहे. पुरातत्त्व खात्याने २०१८ साली देशातील संरक्षित स्मारकांत छायाचित्रे घेण्यास मुभा दिली, तेव्हा अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील मुख्य थडगे एवढेच अपवाद ठेविले. बंदी कोठे आहे हे एका वाक्यात सांगता येते, आणि बाकी सर्वत्र मोकळीक आहे हेही त्याच वाक्यातून कळते. निर्बंध असावा तर असा.

युद्धकाळातही हीच पद्धत शहाणपणाची ठरली. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटनमध्ये छायाचित्रणावर नियंत्रण घालणारा हुकूम निघाला. त्यात कोणत्या वस्तूंची चित्रे परवान्यावाचून घेऊ नयेत ते नाव घेऊन सांगितले होते. लोक कुरकुरले असतील, परंतु संकट खरे होते आणि हुकुमाची मर्यादा ठाऊक होती. युद्ध संपले तसा तो हुकूमही गेला. संकटाच्या नावाने आलेला निर्बंध संकट सरल्यावर परत जातो की नाही, ही त्याची खरी परीक्षा होय.

या परीक्षेत त्याच ब्रिटनचा एक अलीकडचा कायदा साफ नापास झाला, आणि तो कसा नापास झाला हे पाहिले म्हणजे भारतातील पत्र्याच्या पाट्यांचेही मर्म ध्यानात येते. २००० साली तेथे दहशतवादविरोधी कायदा झाला. त्याच्या ४४ व्या कलमाने अशी व्यवस्था केली की, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने एखादा प्रदेश घोषित करावा, आणि त्या प्रदेशात कोणत्याही शिपायाने कोणत्याही मनुष्यास, काहीही संशय नसला तरी, थांबवून त्याची झडती घ्यावी. घोषणेची मुदत जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवसांची. अठ्ठावीस दिवस म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, ही तात्पुरती व्यवस्था आहे. प्रत्यक्षात असे झाले की, सबंध बृहत्-लंडन शहर २००१ पासून एका घोषणेखाली आले, मुदत संपली की नवी घोषणा निघाली, तीही संपली की पुढची. आणि अशी वर्षांमागून वर्षे गेली. याचा नागरिकांना पत्ताच नव्हता. आपण एका विशेष मुलखात राहतो आहोत हे लंडनच्या रहिवाशांना ठाऊक नव्हते, कारण ती घोषणा कोठे लावलेली नव्हती. १९२३ च्या भारतीय कायद्यातील देशी भाषेतल्या पाटीची अट येथे आठवल्यावाचून राहत नाही.

२००३ च्या सप्टेंबरात लंडनच्या गोदी भागात शस्त्रास्त्रांचे प्रदर्शन भरले होते आणि त्याविरुद्ध निदर्शने चालली होती. तेथे एका विद्यार्थ्यास व एका पत्रकार बाईंस या कलमाखाली थांबविले. बाईंनी वृत्तपत्राचे ओळखपत्र दाखविले, तरी त्यांना चित्रण बंद करण्यास सांगण्यात आले. दोघांपाशी आक्षेपार्ह काही सापडले नाही. दोघेही न्यायालयात गेले आणि इंग्लंडच्या एकेका पायरीवर हरत हरत २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचले, तेथेही हरले. मग ते स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. मधल्या काळात छायाचित्रकारांची स्थिती अधिकच बिकट झाली. २००८ साली लंडनच्या पोलिसांनी भिंतींवर जाहिराती लावून, कॅमेरेवाल्यांपैकी कोणी चमत्कारिक वाटल्यास कळवावे, असे लोकांना सुचविले. चमत्कारिक वाटणे हा छायाचित्रकाराचा धंद्याचाच गुण आहे. जेथे सर्वजण मनोऱ्याकडे पाहतात तेथे तो मोरीच्या झाकणाकडे पाहत गुडघे टेकून बसतो. २००९ च्या फेब्रुवारीत आणखी एक कलम अमलात आले. दहशतवाद्यांना उपयोगी पडेल अशा तऱ्हेची पोलीस वा सैनिक यांच्याविषयीची माहिती मिळविणे त्याने गुन्हा ठरविले. त्याच दिवशी स्कॉटलंड यार्डच्या दारात छायाचित्रकार जमले आणि त्यांनी पोलिसांची चित्रे घेतली. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत ट्रफाल्गर चौकात तर त्यांचा मोठाच मेळावा भरला. आम्ही छायाचित्रकार आहोत, दहशतवादी नव्हे, एवढेच त्यांचे सांगणे होते.

स्ट्रासबर्गचा निकाल १२ जानेवारी २०१० रोजी लागला होता. शिपायाला दिलेला अधिकार पुरेसा मर्यादित नाही, त्याच्या दुरुपयोगाला आळा घालणारी साधने कायद्यात नाहीत, म्हणून तो मानवी हक्कांच्या कराराविरुद्ध आहे, असे न्यायालयाने ठरविले. झडतीच नको, असे न्यायालय म्हणाले नाही. तिला कारणाचा आणि मर्यादेचा लगाम हवा, असे म्हणाले. २००९-१० या एका वर्षात या कलमाखाली एक लाखाहून अधिक वेळा माणसांना थांबविण्यात आले होते. त्यांतील एकासही दहशतवादाच्या गुन्ह्याबद्दल अटक झाली नाही. २०१० च्या जुलैत सरकारने संशयावाचून व्यक्तींची झडती घेणे थांबविले आणि २०१२ च्या कायद्याने ते कलम रद्द होऊन त्याजागी पुष्कळ आवळलेले दुसरे कलम आले.

पहारेकऱ्यांच्या अतिउत्साहाचा नमुना म्हणून ग्रीसमधील एका घटनेचाही उल्लेख करावयास हवा. २००१ च्या नोव्हेंबरात कालामाता येथील विमानदलाच्या तळावर खुला दिवस होता. विमानांचे क्रमांक टिपून ठेवण्याचा छंद असलेले बारा इंग्रज व दोन डच लोक तेथे गेले आणि हेर म्हणून पकडले गेले. असा काही छंद जगात असू शकतो, हेच तेथील अधिकाऱ्यांच्या गळी उतरेना. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांस दोषी ठरविण्यात आले. नोव्हेंबरात अपिलात ते सुटले. वर्षभराचा मनस्ताप झाला तो वहीपेन्सिलीच्या पायी.

हे सारे थट्टेवारी नेता आले असते, जर छायाचित्र नसल्यामुळे काय होते हे दाखविणारा प्रसंग त्याच लंडनमध्ये, त्याच २००९ साली घडला नसता. १ एप्रिल रोजी तेथे जागतिक अर्थपरिषदेनिमित्त निदर्शने होती. इयन टॉमलिन्सन नावाचा एक वृत्तपत्रविक्रेता, निदर्शनांशी काही संबंध नसलेला, घरी चालला होता. तो रस्त्यात कोसळला आणि मेला. हृदयक्रिया बंद पडून मृत्यू, असे पहिल्या शवतपासणीत निघाले आणि प्रकरण तेथेच संपले असते. परंतु एका परदेशी प्रवाशाने सहज घेतलेले चित्रण सहा दिवसांनी ‘गार्डियन’ पत्राच्या हाती आले. खिशात हात घालून, पाठ फिरवून चाललेल्या टॉमलिन्सन यास एका पोलिसाने मागून दंडुका मारून ढकलून दिल्याचे त्यात दिसत होते. पुन्हा शवतपासणी झाली, निराळे कारण निघाले, आणि २०११ च्या मे महिन्यात चौकशीच्या ज्यूरीने हा मृत्यू बेकायदेशीर कृत्याने घडला असा निर्णय दिला. त्या पोलिसावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालून तो निर्दोष सुटला. नोकरीतून मात्र त्यास काढण्यात आले. त्या प्रवाशाला त्या दिवशी कोणी, चित्रण पुसून टाका, असे म्हटले असते आणि त्याने ते ऐकले असते, तर टॉमलिन्सनच्या मुलाबाळांना काय कळले असते?

एक बाजू मात्र छायाचित्रकारांनीही ओळखली पाहिजे. रस्ता सर्वांचा आहे, म्हणजे रस्त्यावरचे दुःखही सर्वांचे, असे होत नाही. अपघातात सापडलेल्या बाईचा चेहरा, शवागाराबाहेर बसलेला बाप, यांनाही काही अधिकार आहेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला आहे. भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, ज्यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले आणि ज्या दिल्लीत सायकलवर कॅमेरा लादून राष्ट्रपुरुषांच्या दारी जात, त्यांनी १९७० साली हा व्यवसाय सोडला. नव्या पिढीच्या छायाचित्रकारांचे वर्तन पाहवले नाही, हे त्यांनी दिलेले कारण होते. तेव्हा सारीच तक्रार पहारेकऱ्यांविरुद्ध करण्यात अर्थ नाही. परंतु माणसाच्या लाजेचे रक्षण ही एक गोष्ट आणि राज्याच्या सुरक्षिततेचे रक्षण ही दुसरी. पहिल्यासाठी दुसऱ्याचा दंडुका उगारू नये.

राज्य स्वतः तर डोळे मिटून बसलेले नाही. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर कॅमेरे बसविण्याचे ठरले आणि २०१६ साली सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांची योजना चालू झाली. नागरिक घरून निघाल्यापासून कचेरीत पोचेपर्यंत कितीदा टिपला जातो याची गणती त्यास ठाऊक नसते, आणि बहुतेकांची त्याविषयी तक्रारही नसते. सरकारच्या कॅमेऱ्यापुढे ज्याने निमूटपणे जावयाचे, त्याच्या हातातील कॅमेरा दिसताच मात्र शंका यावी, हे थोडे विसंगत दिसते खरे.

बोरीबंदरच्या त्या चौकात आता महानगरपालिकेने आपल्या कचेरीसमोर एक सज्जा बांधला आहे. स्थानकाची व पालिकेची इमारत एका चौकटीत कशी बसवावी याची अडचण पडू नये, रस्त्याच्या मधोमध उभे राहून कोणी मोटारीखाली सापडू नये, अशी त्यामागची योजना. संध्याकाळी दिवे लागले की परगावचे पाहुणे, नवविवाहित जोडपी आणि शाळेची मुले तेथे गर्दी करतात व मनसोक्त चित्रे घेतात. रस्ता ओलांडून फलाटांकडे गेले की भिंतीला लागून बसलेला पहारा लागतो. डिसोझा ज्या भागात डब्याआड उभे होते तो तेथून काही पावलांवरच आहे.